पापडाची रेघ

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, नव्हतो, पण ज्याने मला हे सांगितलं, तोही हजर असल्यासारखाच सांगत होता.

“मग दोष आहे तरी कुठे, बुवा?” निषाद कारखानीसने विचारलं.

हा पुण्याचा इंजिनियर. समोर लहरीबुवा. तरुणपणी जहाजावर रेडिओ सांभाळलेले, आता देवगडच्या अलीकडे एका टेकडीवर मठी करून राहिलेले. जिथे फोन लागत नाही अशा खोल समुद्रातल्या बोटींना ते शॉर्टवेव्हवरून वाऱ्यापावसाचा मजकूर आणि ढगांचं चित्र पाठवत. कानाला नुसती किरकिर ऐकू येई. पण रेडिओच्या तोंडाशी मोबाइल धरला, की तो त्या किरकिरीतून अक्षरं वेचून काढी आणि चित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरवून घेई.

बुवांचे हात आताशा थरथरत. ट्रान्समीटरपुढची खुर्ची निषादला हवी होती. बुवांची अट एकच. दूरदेशीच्या केंद्रावरून येणारं एक चित्र निर्मळ उतरवून दाखव.

चित्र येई ते पांढरे पट्टे घेऊनच. निषादने एरियलची तार बदलली. माडावर चढून ती उंच बांधली. रेडिओ बदलला. सूर्यावरच्या डागांनाही बोल लावून झाला. हटला मात्र नाही. आणि दर खेपेला, चित्र उतरत असताना, लहरी आभाळाला धडकून माघारी कशा येतात ते बुवांना समजावून सांगत राहिला.

बुवा म्हणाले, “लाव परत.”

रेडिओ किरकिरू लागला. निषादने मोबाइल टेकवला. चित्राचा माथा स्वच्छ उतरला. त्याने समजावायला तोंड उघडलं, तोच बुवांनी मोबाइलपाशी वाकून भाजलेला पापड कुडकन चावला.

चित्रावर पांढरी रेघ उमटली. दोऱ्याएवढी.

“हे काय केलंत, बुवा? मी एवढा जीव काढून जमवून आणतो, आणि तुम्ही खुशाल…”

रेघेखाली पट्टा उमटत गेला. निषाद बोलत होता तोवर रुंद होत गेला. निषाद थांबला. पट्टाही.

बुवांनी रेघेवर बोट ठेवलं.

“हा पापड.”

बोट खाली सरकलं.

“आणि हा कोण?”

…

पुढच्या खेपेला चित्र निर्मळ उतरलं. निषादने ते न बोलता पुढे धरलं. बुवा न बोलता खुर्चीवरून उठले.

निषाद बसला. ढगांचं चित्र समुद्राकडे निघालं. बोटींवर ऐकायचे रेडिओ होते, उलट बोलायचे नव्हते. पलीकडून हूं की चूं येणार नव्हतं. थोडा वेळ त्याने कळ काढली.

“बुवा… तिकडे काही पोचतंय की नाही, कळायचं कसं?”

इथेच कबूल करून टाकतो. गोष्टीत पापड मी घातला. बुवांच्या तोंडात एकही दात नव्हता, ते नुसते शिंकले होते. पण हे उत्तर त्यांचंच.

“सगळे गप्प आहेत ना… मग नीट उतरत असेल.”