सभापतींच्या गाडीचे दिवे

आपण येतोय हे लोकांना लांबूनच कळलं पाहिजे, असा पंचायत समितीचे सभापती रंगराव थोरबोले यांचा हट्ट. म्हणून त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेवर ठळक नाव रंगवून घेतलं आणि कंपनीचे बल्ब काढून झगझगीत पांढरे एलईडी बसवले. समोरून येणारे दुचाकीवाले चरात जायला लागले.

एका दिवेलागणीला आरटीओच्या निरीक्षक वैजयंती खुटवड यांनी नाक्यावर ती गाडी अडवली. "साहेब, दिव्यांच्या या काचेला हे बल्ब चालत नाहीत. उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कायद्यालाही चालत नाही."

"मी रोज याच गाडीत बसतो, मला कधी त्रास झाला नाही," रंगराव म्हणाले. "बल्ब निघणार नाहीत. तुमची बदली मात्र निघेल."

नाक्यावरची माणसं जवळ सरकली. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग दिवे चालू ठेवा, खाली उतरून जरा पुढे चालत जा आणि वळून सांगा, गाडी कुणाची आहे."

रंगराव ऐटीत पुढे गेले, वळले आणि डोळ्यांवर हात आडवा धरून उभे राहिले. समोर ना नाव, ना गाडी. नुसता पांढरा लोळ.

"कुणाची आहे, साहेब?"

"काही दिसत नाही."

"लोकांनाही दिसत नाही. तुम्ही आतून हात जोडता आणि ते शिव्या घालत तोंड फिरवतात. निवडणूक पुढच्याच महिन्यात आहे ना?"

रंगराव डोळे चोळत परत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जुने बल्ब डिकीत आहेत, आत्ताच बसव."

बाईंनी दंडाची पावती तेवढी फाडली. गाडी पिवळ्या उजेडात निघाली, तेव्हा समोरून आलेल्या दूधवाल्याने काचेवरचं नाव वाचलं आणि पहिल्यांदाच रामराम घातला.