दोन जिवांची जकात

"दोन पैसे!" वेशीवरच्या नाकेदाराने हात पुढे केला.

"दोन? मी तर एकटीच आहे की!" येसू म्हणाली.

"एकटी कशी? सगळा गाव म्हणतो, येसू दोन जिवांची आहे! आणि हुकूम काय? वेशीबाहेर जायचं तर जिवामागे एक पैसा! काढ!"

येसूने काढला. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती आणि तो दुसरा पैसा नावाड्याचा होता. पैलतीरावर भाऊ बैलगाडी घेऊन थांबलेला. आता नदी ओलांडायची कशी? पोहून? एरवी येसूला चोख उत्तरं सुचायची ती घरी पोचल्यावर. पण आज घर नदीपलीकडे! पोट सांभाळत ती तडक दरबारात गेली. नाकेदारही मागोमाग आला.

"महाराज, मी दोन जिवांची म्हणून तुमच्या माणसाने माझ्याकडून एक पैसा जास्त घेतला."

राजा चंडदेव महाहट्टी. रोज वेशीबाहेर फेरफटक्याला जाताना तो स्वतःसुद्धा एक पैसा भरायचा आणि मिशीला पीळ द्यायचा.

"लोक बोलतात तेच आम्ही खरं धरतो!" तो गरजला. "शिवाय तो पैसा तुझा नाहीच, बाळाचा आहे. ज्याचा पैसा त्याने मागावा. आत्ता, इथे!"

दरबार खो खो हसला. नाकेदार सगळ्यांत मोठ्याने. येसूचे कान तापले. आणि तेवढ्यात बाळाने लाथ मारली.

"आई गं!" ती मटकन खाली बसली. लाथ तशी छोटीशीच होती. ओरडणं जरा जास्तच झालं.

दरबारात एकच धांदल! "सुईण बोलवा!" "पाणी तापवा!" सेनापती खांबामागे लपले. राजा पडदा ओढायला धावला तो पडद्यातच गुंडाळला गेला.

येसू पदर सावरत उठली. "काही नाही, महाराज. बाळ पैसा मागतंय. तोंड अजून बाहेर आलेलं नाही ना, म्हणून पायाने मागितला."

"हुश्श!" राजाने पडद्यानेच घाम पुसला. "माझ्या जिवात जीव आला!"

येसू गर्रकन नाकेदाराकडे वळली. "ऐकलंत, दादा? महाराजांच्या जिवात जीव आला. झाले की दोन! आजपासून त्यांच्याकडूनही दोन पैसे घ्या!"

प्रधानजी घाईघाईने मध्ये पडले, "अगं पोरी, भलतंच काय! माझासुद्धा जीव आत्ताच भांड्यात पडला!"

"मग तुम्ही फुकट जा, प्रधानजी. पैसा भांड्याने भरावा!"

राजाची मिशी थरथरली. मग गाल. मग तो असा हसला, असा हसला, की मुकुट घरंगळला.

"हरलो! चूक आमची. नाकेदार, हिचा पैसा दे. आणि आजवर जिच्या जिच्याकडून दोन घेतलेस, तिच्या दारी पायी जा, माफी माग आणि पैसा पोराच्या हातात ठेव! येसूला पालखीतून नदीवर न्या, आमची नाव द्या. आणि बाळाने ज्या पायाने मागितलं, त्या पायात चांदीचा वाळा!"

येसूने पोटावर हात ठेवला. "पण महाराज, पाय उजवा होता की डावा, ते काही कळलं नाही हो!"

राजाने हसून हसून पोट धरलं. "दोन!" तो कसाबसा म्हणाला. "दोन वाळे!"