स्वकष्टाने वर आलेला उंदीर

फार पूर्वी, उंदीरही एकमेकांचे सत्कार करायचे, तेव्हाची गोष्ट. गव्हाच्या शेतात उंच बांधावर राहणाऱ्या भिकोबा उंदराचा ‘स्वकष्टाने वर आलेला’ म्हणून सत्कार झाला. अंगावर शाल पडताच भिकोबांना उपदेशाची उबळ आली.

“खालच्या वाफ्यातले आळशी! चार दाणे साठवायचे म्हटले की यांच्या जिवावर येतं.”

चिखलाने माखलेली सगुणा उंदरीण मागून म्हणाली, “काका, शेत भिजवायच्या दर पाळीला पाटाचं पाणी आमच्या बिळात शिरतं, साठवलेलं कुजतं. यंदा पाचव्यांदा बीळ खणलं. तुम्ही किती वेळा खणलंत?”

भिकोबा गडबडले. “मी? आमचं बीळ आजोबांनी खणलंय.”

“बघा!” अध्यक्षस्थानी बसलेली घूस गहिवरली. “केवढं हे कष्टाळू घराणं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात पाटाला पाणी सुटल्याचा आवाज एकट्या सगुणालाच ऐकू आला.