पाणवठ्यावरची ओळख

जनावरं एकमेकांना वासावरून ओळखत, तो भाबडा काळ संपल्यानंतरची ही गोष्ट. पाणवठ्यावर बगळ्याचा पहारा असे. वानराने कोवळ्या उन्हात काढलेल्या फोटोशी ज्याचं रूप जुळेल, त्यालाच पाणी मिळे. बगळ्याचा तर कुणावरच भरवसा नव्हता.

भर दुपारी एक सांबरीण तहानेने कासावीस झालेलं पाडस घेऊन आली. बगळ्याने तिचा फोटो न्याहाळला.

“यातली सोनेरी आहे, तुम्ही राखाडी. शिवाय तिच्यामागे लांबलचक सावली आहे. तुमची कुठे लपवलीत?”

“बगळोबा, ऊन डोक्यावर आलंय. सावली पायाखालीच असणार.”

“पकडला गेला की जो तो उन्हावर ढकलतो!”

पाडस मटकन खाली बसलं. सांबरीण संतापून म्हणाली, “मग आधी तुमचा फोटो दाखवा.”

बगळ्याने तो ऐटीत पंखाखालून काढला. फोटोत केशरी पंखांचा पक्षी उभा होता. त्याने पाण्यात वाकून पाहिलं, तर तिथे पांढराफटक. त्याने पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा पाणी पाहिलं, आणि त्याचा संशय पक्का झाला.

“तोतया!” असं स्वतःलाच दरडावून तो पहारा सोडून खऱ्या बगळ्याच्या शोधात उडून गेला.

पाडस तोवर गुडघाभर पाण्यात उतरलं होतं.