रुमालांचा चौक

फार मागं, गाड्या बोलायच्या आणि माणसं गप्प बसायची तेव्हाची गोष्ट. चौकात सगळ्यांचा मिळून एकच थांबा करायचं ठरलं. बसबाईनं आल्याआल्या रुमाल टाकून जागा धरली. मग रिक्षानं टाकला, सायकलीनं टाकला. चौक रुमालांनी भरला.

"आणि मी कुठून चालू?" चप्पल म्हणाली.

"तुला कशाला गं जागा? जाशील कडेकडेनं," बस म्हणाली.

"बरं," म्हणून चप्पल कडेला उभी राहिली आणि गालात हसली.

सकाळी बस घंटी देऊन देऊन दमली, पण एक माणूस चढेना. "माणसं गेली कुठं गं?"

"ही काय, इथं कडेला माझ्यावर उभी आहेत. दुसऱ्यानं धरलेल्या जागेवर पाय कसा देतील बिचारी?"

बस रुमाल उचलून वीतभर मागं सरकली.

"अजून सरका, बाई," चप्पल म्हणाली. "एवढ्यात मी एकटीच मावते. माझी जोडीदारीण यायचीय."