हरणारी खिरापत

एका गावात चौथीपर्यंतची एक शाळा होती, आणि त्या शाळेच्या हादग्याला पंचक्रोशीत तोड नव्हती. पाऊस ओसरून हस्त नक्षत्र लागलं की अंगणात पाटावर मातीचा हत्ती बसायचा. मुलंमुली त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी यायची खरी गंमत, म्हणजे खिरापत. ज्याची पाळी असेल त्याने झाकलेला डबा खुळखुळवायचा आणि बाकीच्यांनी आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. पाळ्या प्रत्येकाला दोन. ज्याची खिरापत दोन्ही वेळा कुणालाच ओळखता आली नाही, त्याने शेवटच्या दिवशी हत्ती डोक्यावर घेऊन ओढ्यावर बोळवायला न्यायचा. एवढा मान सरपंचालाही नाही, असं निदान पोरांचं मत होतं.

हा हादगा सुरू केला होता शाळेच्या जुन्या बाईंनी. बाई सगळ्यात हुशार, पण खिरापतीत अगदी ढ. दरवर्षी त्यांचा आपला शिराच. डबा पिशवीतून निघायच्या आत पोरं "शिरा" म्हणून मोकळी व्हायची, आणि बाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "हरले गं बाई मी."

त्या वर्षी मात्र बाई नव्हत्या. उन्हाळ्यात त्या वारल्या. पोरांनी आपसांत ठरवलं, यंदाचा हादगा बाईंच्या आठवणीचा. नुसता फोटोला हार घालून भागणार नव्हतं, म्हणून रोजच्या खिरापतीतला पहिला वाटा गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना पोचवायचा, असंही ठरलं.

चौथीतल्या शेवंताच्या वाट्याला कासारआजीचं घर आलं. या आजीने एके काळी अख्ख्या गावाला बांगड्या भरल्या होत्या. आता तिला वेशीपर्यंतही चालवत नव्हतं.

शेवंता डोक्याने तल्लख, आणि ते तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. पहिल्या पाळीला तिने डबा असा काही वाजवला की पोरं चक्रावली.

"खडीसाखर."

"नाही."

"खारका. फुटाणे. शेंगदाणे."

"नाही, नाही, नाही."

शेवटी सगळे हरले तेव्हा तिने झाकण काढलं. आत गुळात घोळलेले भाजके चिंचोके होते. पोरांनी कडाकडा फोडून खाल्ले आणि शेवंता दोन बोटं उंच झाली.

आजीला तिने मूठभर चिंचोके दिले. आजीने एक तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाली, "लई गोड आहे गं. बाकीचे सवडीनं खाते."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाची खिरापत घेऊन शेवंता गेली, तर कोनाड्यात चिंचोके मांडलेले. धुतलेले, लखलखीत.

"आजी, खाल्ले नाहीस?"

"गूळ खाल्ला की चोखून. बिया ठेवल्या तुम्हा पोरांना खेळायला." आजी हसली आणि तिच्या तोंडात एकही दात नसल्याचं शेवंताला पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस ती आजीच्या घरी येत होती, पण पाहिलं कुठे होतं.

"तुझ्या बाईंनाबी असंच एकदा कळलं होतं," आजी म्हणाली. "मी तेव्हा शाळेच्या कठड्यावर बसून हादगा बघायची. सगळे खायचे, मी नुसती हातात धरून बसायची. पुढच्या साली बाईंनी शिरा आणला. मग कधी बदललाच नाही."

बाईंच्या हरण्याला आपण इतकी वर्षं हसलो, याची शेवंताला मनापासून लाज वाटली.

हादग्याच्या शेवटच्या दिवशी तिची दुसरी पाळी होती. बाकी सगळे एकदा ना एकदा ओळखले गेले होते, त्यामुळे मानाच्या जागी ती एकटीच उरली होती. पाकातल्या भोपळ्याच्या बिया कुणाच्या बापाला ओळखू आल्या नसत्या, आणि त्या तिने वाळवूनही ठेवल्या होत्या. हत्ती जवळजवळ डोक्यावर आलाच होता.

सकाळी तिने आईजवळ रवा मागितला.

शाळेत फेर संपला. शेवंताने डबा हलवला, पण आवाज काही होईना. वर तुपाचा घमघमाट. पहिलीतलं एक शेंबडं पोर बसल्या जागेवरून म्हणालं, "शिरा."

शेवंताने कपाळाला हात लावला. "हरले गं बाई मी," ती म्हणाली, आणि मोठ्या पोरांना हुंदका आवरेना.

कुणीच जिंकलं नाही म्हणून हत्ती शिपाईमामांनी टोपलीत घालून नेला. सगळी शाळा गात ओढ्याकडे निघाली. शेवंता मात्र वाटी घेऊन उलट्या दिशेने गेली.

आजीने घास घेतला, डोळे मिटले आणि वाटी पुसून खाल्ली. मग विचारलं, "आज कोण हरलं गं?"

"मी," शेवंता म्हणाली, आणि असं म्हणताना ती हत्ती डोक्यावर घेतल्यासारखी ताठ उभी होती.

तात्पर्य काय, तर द्यायला निघालात की आपला डबा किती वाजतो ते ऐकू नका, घेणाऱ्याला दात आहेत का ते आधी बघा.