कोल्ह्यांच्या अंगणातली पाहुणी

त्या राज्यात पाहुण्याला परत जाऊ देण्याची पद्धत नव्हती. डोंगराखालच्या खोऱ्यावर कोल्ह्यांची सत्ता होती आणि कोल्हे आता सभ्य झाले होते. कोंबड्या खायच्या सोडून ते अंडी खात आणि याला सुधारणा म्हणत.

लांब मानेच्या करकोच्यांचे थवे दरवर्षी तिथल्या खिंडीतून ये-जा करत. एका हिमवादळात नाझबू नावाची तरुण करकोची आपल्या घरच्यांपासून दुरावली आणि नेमकी कोल्ह्यांच्या अंगणात उतरली. कोल्ह्यांनी तिला गहू दिला, उबेला जागा दिली आणि पायात दोरी बांधली. दोरी रेशमाची होती, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगत.

रोज संध्याकाळी सरदार कोल्हा तिच्याजवळ येऊन बसे. "पोरी, आईची काही आठवण सांग ना. मन मोकळं होतं," तो म्हणे. नाझबू खुशीत सांगे. आई चोचीनं तिची पिसं कशी सारखी करायची. भाऊ सबूर एका पायावर झोपायला जायचा आणि कसा धाडकन पडायचा. सांगता सांगता आकाशाकडे मान करून ती त्यांना मोठ्यानं हाक मारी. सरदार डोळे मिटून ऐके. तिला तो फार मायाळू वाटे.

"मायाळू आहेच तो," अंगणातली म्हातारी कोंबडी एकदा म्हणाली. तिला सगळे शिरीनखाला, म्हणजे शिरीनमावशी, म्हणत. "तुझ्याआधी इथे असाच एक पाहुणा होता. त्याची हाक ऐकून त्याचं अख्खं घर खाली उतरलं. आम्हाला त्या दिवशी लवकर खुराड्यात घातलं. सरदाराची उशी पाहिलीस? तेव्हाचीच आहे ती."

त्यानंतर नाझबूनं आठवणी सांगणं बंद केलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. करकोचे आपलं माणूस हरवलं की सहज सोडून जात नाहीत. परतीच्या वाटेवर ते येणार, हाका मारणार, उत्तर मिळालं नाही तर घिरट्या घालत खाली खाली येणार आणि कोल्ह्यांनी भिंतीआड ठेवलेल्या जाळ्यांत सापडणार. हाक द्यावी तरी मरण, गप्प राहावं तरी मरण. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग कोंबडी हो," खाला म्हणाली. "कोंबड्यांच्या अंगणात कोण कशाला शोधत बसेल?"

शिकवणी सुरू झाली आणि खालाचा जीव मेटाकुटीला आला. "अगं, हा आवाज आहे की गंजलेलं दार? गळ्यातून नको, पोटातून काढ. आणि ती मान आवर. एवढी मान आम्हाला असती, तर भिंतीपलीकडचं बघून आम्ही केव्हाच पळालो असतो."

हिवाळाभर नाझबू उकिरडा उकरत कुककुक करत राहिली. सरदाराला वाटलं, पाहुणी रुळली. त्यानं त्या आनंदात तिचा गहू वाढवला.

बर्फ वितळलं आणि एका लख्ख दुपारी थवा आला. कोल्हे जाळी धरून भिंतीआड दबा धरून बसले.

"नाझबू, आहेस का गं इथे?" वरून सबूरनं हाक दिली.

मग आईनं दिली. थवा खाली आला, आणखी खाली आला. नाझबूनं मान अंगात ओढली, चोच मातीत खुपसली आणि पोटातून कुककुक केलं. शिरीनखालानं सूर धरला, आणि बघता बघता सगळ्या कोंबड्यांनी अंगण डोक्यावर घेतलं.

"नुसत्या कोंबड्या आहेत, आई," सबूर म्हणाला.

आईनं आणखी एक फेरी मारली.

"चला," ती म्हणाली.

थव्याची सावली अंगणावरून सरकू लागली. रांगेत पक्ष्यामागे पक्षी होता. फक्त आई आणि सबूर यांच्यामध्ये एका पक्ष्याएवढी जागा मोकळी होती आणि तिथून ऊन जमिनीवर पडत होतं. नाझबूनं वर पाहिलं नाही. कुककुक करत ती त्या उन्हात शिरली आणि दोरी ताणली जाईपर्यंत रांगेबरोबर धावली.